एका कौलाला सोळा बोंबील

पुढच्या दाराजवळची मेढ, छपराचा खांब, जमिनीपासून चार बोटांवर सगळ्यात बारीक होती. वेणूनं तिथं सुतळीचा एक वेढा दिला, टोक जिथं भेटलं तिथं चिमटीत धरलं आणि सुतळी काढून आपल्या हातावर मोजली. एक वीत आणि सहा बोटं. मागच्या शिमग्याला त्याच जागी दोन विती भरल्या होत्या. वाळवी नव्हती. खाऱ्या ओलीनं लाकूड बाहेरून आत मऊ होत गेलं होतं. नख दाबलं की रुतायचं आणि काढल्यावर खूण तशीच राहायची.

“किती?” सासूनं विचारलं. चंद्रावती अंगणात बोंबलांच्या मांडवाखाली बसून वाळलेला माल उतरवत होती.

“दीड वीत.”

“पावसाला पुरेल.”

“पावसाला पुरेल, आय. वाऱ्याला नाय पुरणार.”

जबड्यात जबडा अडकवून टांगलेली बोंबलांची एक जोडी चंद्रावतीनं हिसक्यानं सोडवली आणि पाटीत टाकली.

झोपडी डहाणूच्या किनाऱ्यावर, शेवटच्या रांगेत होती. कारवीच्या कुडाला शेणमाती, वर गवताचं छप्पर. आत आठ माणसं: चंद्रावती, थोरला मुलगा नारू, त्याची बायको वेणू, त्यांच्या तीन मुली, धाकटा देवजी आणि त्याची बायको हंसा. हंसाला सहावा महिना होता. दोघे भाऊ दुसऱ्याच्या होडीवर जायचे. मासळी वाळवणं आणि विकणं बायकांकडे.

झोपडीच्या वाऱ्याआडच्या बाजूला, झापांखाली, कौलं उभी रचलेली होती. सातशे ऐंशी. छप्पन साली सासऱ्यानं पहिली नव्वद आणली आणि म्हणाला, पाच खणांचं घर बांधू. दोघा मुलांना दोन-दोन खण, मधला चुलीचा. एका खणाला दोनशे चाळीस कौलं. पाच वर्षांत होईल, असा त्याचा हिशेब होता. तो त्याच वर्षी वारला, पण कौलं येत राहिली. दर वर्षी चैत्रात, हंगामाचा माल विकला की, वेणू वखारीतून ती डोक्यावर घेऊन यायची, एका खेपेला आठ.

चंद्रावतीनं भाव कधी रुपयांत सांगितला नाही. आण्यांचे पैसे झाले तेव्हापासून तर नाहीच. छप्पन साली एका कौलाला दहा बोंबील पडायचे. साठला बारा. आता सोळा. बोंबलाचा भावही वाढला होता, पण कौल कायम त्याच्या पुढं पळायचं. त्यामुळे घर बोलण्यातच लहान होत गेलं. थोरली नात झाली त्या सुमारास सगळे चार खण म्हणू लागले. चीनची लढाई झाली त्या वर्षी तीन. खण गेला असं कोणी म्हटलं नाही. कोणाचा गेला, हेही कोणी विचारलं नाही.

एकदाच हंसा मासळी पसरताना म्हणाली होती, “वयनी, अजून दोन वरीस थांबलो तर चोळीचा खण तेवढा उरेल.”

दोघी हसल्या. चंद्रावती हसली नाही.

न विचारण्यामागं कारण होतं. वस्तीत वाटणीची रीत ठरलेली होती: ‘वेगळं’ हा शब्द जो आधी बोलेल, त्यानं मागून उचलायचं. दुसऱ्यानं निवड करायची, आणि उरेल ते बोलणाऱ्याचं. चार घरं पलीकडच्या जमनानं सात वर्षांपूर्वी तो शब्द बोलला होता. तिच्या वाट्याला फाटकी जाळी आणि भरतीचं पाणी चढतं ती जागा आली. नावही मिळालं. बाजारात तिच्याच वयाची दुसरी जमना होती, म्हणून लोक हिला ‘घरफोडी जमना’ म्हणत, आणि ती ओ देत असे.

चैत्री पुनवेला वेणू विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या जत्रेत माल घेऊन गेली. एस.टी.च्या टपावर दोन पाट्या चढवल्या. कंडक्टरनं तिला मागच्या बाकावर बसायला सांगितलं आणि तिच्या पुढचा बाक मोकळा राहिला. जत्रेत ती चिंचेखाली बसली. डोंगराकडचे लोक वर्षाची सुकी मासळी इथूनच नेत. येणारा प्रत्येक जण बोंबील उचलून वाकवायचा, कडक आहे का बघायचा, आणि भाव ऐकून परत ठेवायचा.

“मागल्या सालचा भाव सांग.”

“मागल्या सालचं मागल्या साली खाल्लंत ना?”

“बाय, तोंड तिखट हाय तुझं.”

“मासळी खारट हाय. दोन्ही घेऊन जा.”

दुपारी लाहू दिसला. हा वारली दर वैशाखात गवताच्या मोळ्या घेऊन यायचा आणि दोन दिवसांत त्यांचं छप्पर शाकारून द्यायचा. बदल्यात मासळी आणि थोडे पैसे. त्यानं मूठभर बोंबील उचलले, वास घेतला आणि उकिडवा बसला.

“यंदा कधी येतोस?” वेणूनं विचारलं.

“यंदा नाय.”

“का रे? हात मोडला?”

“हात हाय. गवत नाय.” त्यानं रेल्वेच्या दिशेनं हनुवटी उडवली. “सगळं शेठच्या गासड्यांत दाबतात. गाडीनं ममईला. तबेल्यांना.”

“थोडं ठेवशील आमच्यापुरतं.”

“माझंच छप्पर मी यंदा पळसाच्या पानानं केलं. ममईची म्हैस पैसा देते. तू बोंबील देतेस.” तो हे चिडून बोलला नाही. “गवत पायजे तर शेठकडून घे. पण तिपटीनं.”

वेणूनं त्याला पंचवीस बोंबील मोजून दिले. कशाबद्दल, हे दोघांनीही विचारलं नाही. परत येताना बसमध्ये तिनं हिशेब केला. छप्पर शाकारायला यंदा जेवढे बोंबील लागतील, तेवढ्यात ऐंशी कौलं आली असती. झोपडीत राहणंही आता झोपडीच्या भावात परवडत नव्हतं.

घरी आल्यावर तिनं हे जेवताना सांगितलं. नारूनं भाताचा घास खाली ठेवला.

“म्हणजे बांधायलाच पायजे.”

“बांधू या ना,” देवजी म्हणाला. “तीन खणांची कौलं हायतच. वर साठ फुटायला.”

“मिस्त्री बोलवतो उद्या.”

कोणाला कोणता खण, हे याही वेळी कोणी बोललं नाही. हंसानं सगळ्यांना आमटी वाढली, सगळ्यांच्या ताटात सारखी.

गणू मिस्त्री मसोलीहून सायकलवर आला. खिशात घडीचा गज, कानाला पेन्सिल. त्यानं आधी कौलांची थप्पी पाहिली, आणि बिनचुन्याचं पान मागितलं. मग दोन रिपा अंगणात समांतर ठेवल्या आणि देवजीला कौलं काढायला लावली. एक इकडचं, एक तिकडचं. पहिली तीन एकमेकांत बसली. चौथं बसेना. मिस्त्रीनं ते फिरवलं, फुंकर मारून खाचेतली रेती काढली, पुन्हा बसवलं. ते एका कडेला उचललेलंच राहिलं, एखादं बोट आत जाईल इतकं.

त्यानं गज उघडून दोन्हींच्या खाचा मोजल्या. दोनदा.

“दोन सूत,” तो म्हणाला.

“काय दोन सूत?” नारूनं विचारलं.

“ह्याच्या खाचेत आणि त्याच्या खाचेत दोन सुतांचा फरक हाय. कुठून घेतलीत?”

“वखारीतून. एकाच वखारीतून सगळी.”

मिस्त्रीनं दोन्ही कौलं पालथी केली. पाठीवरचे शिक्के वेगळे होते. एकसष्टपर्यंतची कौलं दक्षिणेकडून गलबतानं बंदरात यायची. मग गलबतं येईनाशी झाली आणि वखारवाला उत्तरेकडून रेल्वेनं माल आणू लागला. रंग तोच, लांबीरुंदी जवळपास तीच, आणि कौलामागं दोन बोंबील स्वस्त. त्या वर्षी नारू खूश होऊन आला होता. नऊ वर्षं त्यांनी कौलं मोजली, पुसली, पावसाळ्याआधी झाकली. एकावर एक बसवून कोणीच पाहिली नव्हती. बसवायला छप्पर कुठं होतं?

“किती ही, किती ती?” मिस्त्रीनं विचारलं.

वेणूला मोजावं लागलं नाही. “जुनी पाचशे चाळीस. नवी दोनशे चाळीस.”

“मग एका छपराखाली तीन खण होत नाय.”

“छपराच्या पुढच्या पाख्यावर ही, मागच्यावर ती घातली तर?” देवजी म्हणाला. त्याचं डोकं चालायचं.

“बरोबर बोललास. पण तीन खणांना एका पाख्यावर तीनशे साठ लागतात. नवी दोनशे चाळीसच हायत. ह्याच शिक्क्याची शंभरावर वीस आणा, तुमचं घर उभं करतो.”

“आणि नाय मिळाली तर?”

“तर दोन छपरं. जुन्या कौलांचं दोन खणांचं, नव्यांचं एक खणाचं. मध्ये दोन हात अंतर, पाणी पडायला.” त्यानं गज मिटला. “मला मंगळवारी सांगा. बुधवारपासून गोविंदराव त्यांच्या चिकूच्या वाडीत गोदाम बांधतायत, रोजही जास्त देतायत. तिकडं गेलो तर मग दिवाळीनंतरच.”

दोन खण आणि एक खण, हे आकडे सगळ्यांनी ऐकले होते. त्या संध्याकाळी नारू जाळं विणत बसला आणि तीच गाठ त्यानं तीन वेळा सोडली. पाच माणसं एकीकडं, लवकरच तीन होणारी दोन दुसरीकडं, आणि म्हातारी. कोण कुठं, हे ठरवायला तो शब्द बोलावा लागला असता. बोलणाऱ्याला एक खण मिळाला असता.

सोमवारी वेणूनं एक नवं कौल पाटीत ठेवलं आणि डहाणू रोडला वखारीत गेली. वाटेत विकायला म्हणून त्याच पाटीत थोडे बोंबीलही होते. वखारीच्या दारात गुजराती मुनीमानं हात वर केला.

“बेन, टोपलो बहार मूको.”

तिनं पाटी बाहेर उन्हात ठेवली, कौल हातात घेतलं आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिली. आत एक गिऱ्हाईक होतं. मग आणखी एक आलं, ते थेट आत गेलं. तिच्या पायाखालची फरशी तापली होती. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत राहिली. मुनीमानं शेवटी चष्म्यावरून पाहिलं.

“शू जोईए?”

“ह्या शिक्क्याची एकशेवीस.”

त्यानं कौल उलटं करून पाहिलं. “ए माल हवे नथी आवतो. कारखान्यानं साचा बदलला. हा नवा घे, ह्याच्याहून चांगला.”

“बसवून बघू?”

“बघ ना. बघायचे पैसे नाहीत.”

या वेळी तिनं बसवून पाहिलं. आवारात रांगेनं कौलं उभी होती. ती प्रत्येक रांगेतून एक काढून आपल्या कौलाला लावत गेली. पहिलं एक सूत कमी पडलं. दुसऱ्या रांगेतलं पहिल्यासारखंच. तिसरी रांग, चौथी. कौलं उन्हानं इतकी तापली होती की तिनं पदर हाताला गुंडाळला. हमाल सावलीत बसून बघत होते.

“लगीन लावतेस काय गं कौलांचं?” एक जण ओरडला.

“जमत नसंल तर पत्रिका बघ!” दुसरा म्हणाला.

वेणूनं शेवटची रांगही पाहिली. मग मुनीमाला विचारलं, “आमची दोनशे चाळीस परत घेतलीत तर?”

“अर्ध्या भावात. जुना माल.”

“पावसानंतर नवा भाव किती असंल?”

तो मोकळेपणानं हसला. “ते मला माहीत असतं तर मी आज विकलं असतं काय? पण वधशे, वाढणार. दर वर्षी वधे छे.”

ती बाहेर आली. पाटीतले वरचे बोंबील उन्हानं ठिसूळ झाले होते. स्टेशनाबाहेर तिनं ते उतरत्या भावात विकले आणि चालत निघाली. चालताना तिनं एकेक रस्ता तपासला. नवी कौलं अर्ध्या भावात दिली तर त्यांची जुन्या शिक्क्याची शंभरएक येतील, तीही कुठं मिळाली तर. म्हणजे तरीही तीन खण पुरे होत नाहीत. दिवाळीपर्यंत थांबलं तर यंदाचं छप्पर तिप्पट भावाच्या गवतानं शाकारावं लागेल, ते ऐंशी कौलांचे पैसे गेले, आणि दिवाळीत कौल अठरा बोंबलांवर जाईल. मेढ राहिली तर. गेल्या नऊ वर्षांत शब्द न बोलण्यासाठी त्यांनी दोन खण दिले होते. शब्द बोलण्याची किंमत एक खण होती.

हिशेब सोपा होता. तिला तो आधीही येत होता, हे तिला मसोलीच्या वळणावर लक्षात आलं.

मंगळवारी सकाळी गणू मिस्त्री खुंट्या, दोरी आणि फक्कीचं डबडं घेऊन आला. भरती उतरत होती, भाऊ आज होडीवर गेले नव्हते. शेजारच्या दोन-चार बायका कुंपणापाशी उभ्या राहिल्या. त्यांत जमनाही होती.

“मिळाली एकशेवीस?”

“नाय,” वेणू म्हणाली.

“मग दोन छपरं.” त्यानं जागा पावलांनी मोजली. “मोठं इकडं, उंचावर. लहान तिकडं, उतरत्या बाजूला. चूल कुठल्या छपराखाली?”

मिस्त्रीनं वाऱ्याला बोट धरलं.

“चुलीचा धूर वाऱ्याबरोबर जायला पायजे. आधी चूल ठरते, मग दार. कुठं घेऊ?”

नारू खाली वाकून खुंटी ठोकू लागला, जरी ती अजून ठोकायची नव्हती. देवजी समुद्राकडं पाहत होता. हंसा दारात उभी होती, एक हात पाठीवर. तिनं वेणूकडं पाहिलं आणि नजर खाली केली.

“आजी, तू सांग,” मिस्त्री म्हणाला.

“मला विचारू नको,” चंद्रावती म्हणाली. “आईनं ते सांगायचं नसतं.”

“अगं, मी चूल विचारतोय. वाटणी नाय विचारत.”

कुंपणापाशी कोणीतरी हसलं. मिस्त्री गोंधळून सगळ्यांच्या तोंडांकडं बघू लागला, मग त्याच्याही ध्यानात आलं. त्यानं डबडं खाली ठेवलं आणि बिडी काढली.

“ही संपेपर्यंत थांबतो,” तो म्हणाला. “मग जातो. गोविंदरावांचा माणूस काल दोनदा येऊन गेला.”

बिडी ओढायला त्याला फार वेळ लागला नाही. नारू एकदा उभा राहिला. वेणूला वाटलं तो बोलेल. त्यानं धोतराला हात पुसले आणि पुन्हा बसला. त्याच्या मानेवर घामानं मिठाची पांढरी रेघ उमटली होती. मोठ्या छपराच्या जागेवर वेणूची धाकटी मुलगी शिंपल्यांनी खेळत होती. वेणूनं तिला हाक मारून जवळ घेतलं.

मिस्त्रीनं बिडीचं थोटूक रेतीत खुपसलं आणि दोरी गुंडाळायला घेतली.

“गुंडाळू नका, मिस्त्री.”

सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, बाजारात भाव सांगतानाचा.

“दोन चुली आखा,” वेणू म्हणाली. “आमी वेगळं होतो. भावजी, तुमी आधी उचला.”